सातपुडा ओलांडताना मिलिमीटर मोजणे : भ्रंशालगतच्या संथ भूहालचालींचे जीएनएसएसद्वारे मापन

नागपूरहून भोपाळकडे जाणारा रस्ता सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल, इटारसी आणि नर्मदापुरम असा सातपुडा चढून नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. या एका प्रवासात आपण मध्य भारताच्या कवचातील सर्वांत ठळक जुना भ्रंशपट्टा (भ्रंश म्हणजे जिच्या दोन बाजू एकमेकींलगत सरकतात अशी खडकातील भेग), म्हणजे सोन-नर्मदा पट्टा, जवळजवळ काटकोनात ओलांडतो. त्याच्या दक्षिण कडेला, अमरावती जिल्ह्यात, गाविलगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याने गाविलगड भ्रंश जातो. हा प्रदेश शांत दिसत असला तरी निश्चल नाही. १९२७ मध्ये सोनच्या खोऱ्यात, १९३८ मध्ये सातपुड्यात आणि २२ मे १९९७ रोजी जबलपूरजवळ मोठे भूकंप झाले. विदर्भातील भूविज्ञान, स्थापत्य किंवा भूमापन विभागातील अध्यापक व विद्यार्थी यांनी एकत्र येऊन या पट्ट्यावर जीएनएसएसने, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रह-प्रणालींच्या साहाय्याने, पक्क्या रोवलेल्या खुणांच्या स्थानांचे दीर्घकालीन मापन उभारायचे ठरवले, तर ते कसे करावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. असे काम नागपुरातून व्हावे, असे मला मनापासून वाटते, कारण या पट्ट्याला इतके जवळचे आणि भूविज्ञानाच्या संस्थांनी इतके संपन्न असे दुसरे शहर महाराष्ट्रात नाही.

आधी अपेक्षा ठरवावी

कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींपासून वर्षाला सुमारे ३५ मिलिमीटर सरकतात, आणि नेपाळ हिमालयात दरवर्षी साधारण १८ ते २० मिलिमीटर आकुंचन होते. सोन-नर्मदा पट्ट्यावरील सापेक्ष वेग मात्र वर्षाला फार तर एक-दोन मिलिमीटरच्या घरात आहे. म्हणजे हिमालयात दोन-तीन वर्षांत स्पष्ट दिसणारी गोष्ट येथे दिसायला दहा वर्षे लागतात, आणि त्या दहा वर्षांत खांब कलणे, माती फुगणे, अँटेना बदलणे यांसारखे कोणतेही कारण खऱ्या हालचालीपेक्षा मोठा परिणाम घडवू शकते. त्यामुळे येथील कामाचा मोठा भाग हालचाल शोधण्याचा नसून हालचालीचा भास निर्माण करणारी कारणे एकेक करून दूर करण्याचा आहे.

दुसरा प्रश्न खोलीचा आहे. दोन भूकंपांच्या मधल्या काळात भ्रंशाचा वरचा भाग अडकलेला असतो आणि त्याखालचा भाग सरकत राहतो, त्यामुळे पृष्ठभागावरील वेग भ्रंशरेषेवर एकदम बदलत नाही, तर दोन्ही बाजूंना दूरवर हळूहळू बदलत जातो. आडव्या सरकणीच्या भ्रंशासाठी याचे साधे सूत्र १९७३ पासून वापरात आहे : भ्रंशापासून क्ष अंतरावरील वेग म्हणजे एकूण वेग भागिले पाय (π), गुणिले क्ष भागिले अडकलेल्या भागाची खोली या गुणोत्तराचा व्यस्त स्पर्शक (arctan). अडकलेली खोली १५ किलोमीटर धरली, तर दोन्ही बाजूंना ४५ किलोमीटरपर्यंत स्थानके ठेवून एकूण फरकाचा सुमारे ८० टक्के भाग पकडता येतो. परंतु जबलपूरचा ५.८ तीव्रतेचा भूकंप सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर, म्हणजे कवचाच्या तळाजवळ झाला होता. खोली ३५ धरली की तेवढाच भाग पकडण्यासाठी प्रत्येक बाजूला १०० किलोमीटरहून अधिक अंतर लागते. एकूण वेग वर्षाला १ मिलिमीटर असेल, तर भ्रंशापासून दोन्ही बाजूंना १० किलोमीटरवर ठेवलेल्या दोन स्थानकांत फक्त ०.१८ मिलिमीटरचा वार्षिक फरक येईल. त्यामुळे परतवाड्याला एक खांब आणि चिखलदऱ्याला दुसरा, एवढ्यावर समाधान मानणे व्यर्थ आहे. वर्ध्यापासून भोपाळपर्यंत जाणारा, तीनशे-साडेतीनशे किलोमीटरचा आणि दहा ते पंधरा स्थानकांचा छेद, म्हणजे भ्रंश ओलांडणारी स्थानकांची रांग, आखावा. टोकांना स्थानके विरळ चालतील. भ्रंशाजवळ ती दाट असावीत, म्हणजे हालचाल खोल आहे की उथळ, याचा निर्णय करता येतो.

जागा : काळ्या मातीपासून सावध

विदर्भात जागेची निवड हाच सर्वांत अवघड टप्पा आहे, आणि उपकरणांच्या निवडीपेक्षा दुप्पट वेळ तिला द्यावा, असे माझे मत आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, कारण तिच्यातील चिकणमातीचे खनिज पाणी शोषून आकारमान वाढवते. या मातीत कितीही खोल पाया घातला, तरी तो दरवर्षी थोडा उचलला जातो व बसतो, आणि प्रत्येक वेळी तंतोतंत मूळ जागी परततोच असे नाही. म्हणून मातीवरचा खांब पूर्णपणे वर्ज्य समजावा.

मातीखालचा मुरूमही पुरेसा नाही. मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्ट. त्याच्याही खाली अखंड काळा पाषाण लागेपर्यंत जावे. येथे आणखी एक अडचण येते. दख्खनचा बेसाल्ट लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे, आणि दोन थरांच्या मध्ये अनेकदा तांबड्या गेरूचा मऊ थर असतो, जो पाण्याने आणखी ढिला होतो. त्यामुळे वरून कठीण दिसणारा कातळ दीड-दोन मीटर जाडीचा एक सुटा पट्टा असू शकतो. जवळची विहीर किंवा दगडाची खाण पाहून थरांचा क्रम समजून घ्यावा. विहिरीच्या कडा फुकटात जे सांगतात, ते कळण्यासाठी एरवी ड्रिलिंगवर खर्च करावा लागतो. नागपूरच्या ईशान्येला रामटेकच्या बाजूने बेसाल्ट संपतो आणि त्याहून कितीतरी जुने रूपांतरित खडक उघडे पडतात. पूर्वेकडून दुसरा छेद घ्यायचा असल्यास तेथील टेकड्यांचे माथे उत्तम आहेत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे भूकोश या संकेतस्थळावर मिळतात, आणि त्या संस्थेचे मध्य क्षेत्राचे कार्यालय नागपुरातच सेमिनरी हिल्सला आहे. जागा ठरवण्यापूर्वी तेथील जाणकारांशी बोलणे अगत्याचे आहे.

काही परिसर कातळ चांगला असूनही टाळावेत. सावनेर, कामठी आणि उमरेड येथील कोळशाच्या खाणींजवळ जमीन खचणे, स्फोटांचे धक्के आणि खाणीतील पाण्याचा उपसा हे तिन्ही उपद्रव असतात. तोतलाडोहसारख्या मोठ्या जलाशयाच्या काठी पाण्याचा साठा भरताना आणि ओसरताना कवच वाकते. वरूड-मोर्शीचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण गाविलगड भ्रंशाचा पायथा नेमका त्याच संत्र्याच्या पट्ट्यातून जातो, जेथे भूजलाचा उपसा अतिशय जास्त आहे. पाणी उपसले गेलेला गाळ आकसतो आणि आजूबाजूची जमीन त्या बाजूला किंचित ओढली जाते. अशा भागात स्थानक डोंगराच्या कातळावर चढवावे, पायथ्याच्या गाळावर ठेवू नये, आणि शेजारच्या विहिरींची पाण्याची पातळी दरवर्षी नोंदवावी. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात तर गाळाची जाडी कित्येक ठिकाणी शेकडो मीटर आहे; तेथे खांब उभारण्याऐवजी छेदात मोकळी जागा राहिलेली परवडते.

कातळ मिळाल्यावर आकाश पाहावे. क्षितिजापासून १० अंशांच्या वर झाडे, मनोरे, उच्चदाबाच्या तारा नसाव्यात, आणि जवळ टिनाचे छप्पर किंवा पाण्याचा पृष्ठभाग नसावा, कारण त्यांवरून परावर्तित होऊन येणारा संदेश मूळ संदेशात मिसळतो. मेळघाट किंवा पेंच परिसरातील जागांसाठी वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी. खासगी जागेत मालकाशी पंधरा-वीस वर्षांचा लेखी करार करावा. जुन्या शाळांची, देवस्थानांची आणि विश्रामगृहांची आवारे टिकाऊ ठरतात.

नागपूरचा झिरो माइल किंवा जुन्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या खुणा वापराव्यात, असे पुष्कळांच्या मनात येते. या मातीशी त्या सर्वेक्षणाचे नाते खरोखर जवळचे आहे. ते सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटनचे निधन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला झाले आणि त्याची कबर तेथेच आहे. तथापि झिरो माइल भर वस्तीत व वाहतुकीत आहे, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या कोनमापनाची अचूकता मिलिमीटरच्या प्रश्नाला पुरत नाही. त्या खुणा जपाव्यात. या कामासाठी मात्र नव्या खुणा कराव्यात.

खूण आणि खांब

सर्वांत स्वस्त आणि माझ्या दृष्टीने सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे अखंड कातळात ड्रिलने पाडलेल्या छिद्रात रेझिनने घट्ट बसवलेली स्टेनलेस स्टीलची कांब, जिच्या डोक्यावर अँटेना स्क्रूने थेट बसते. उंची कमी, वारा कमी लागतो, आणि तिपाईची गरज राहत नाही. तिपाई वापरली की दरवेळी मध्य साधण्यात एखादा मिलिमीटर चूक होतेच, आणि येथे तोच मिलिमीटर दोन-तीन वर्षांच्या हालचालीएवढा असतो.

गवत किंवा कुंपणामुळे काँक्रीटचा खांब घ्यावाच लागला, तर तो कातळात सळया रोवून, शक्य तितका बुटका उभारावा. काँक्रीट दर अंश सेल्सिअसला लांबीच्या सुमारे एक लक्षांश (एक लाखावा भाग) प्रसरण पावते. दोन मीटरचा खांब ३० अंशांच्या फरकात ०.६ मिलिमीटर वाढतो, आणि सकाळी पूर्वेकडील बाजू आधी तापली की तो पश्चिमेकडे किंचित झुकतो. खांबाभोवती पीव्हीसी पाइपचे कवच, मध्ये हवेची पोकळी आणि बाहेरून पांढरा रंग, एवढ्याने हा परिणाम बराच आटोक्यात येतो. खूण रोवल्यावर पहिल्या निरीक्षणापूर्वी एक पावसाळा जाऊ द्यावा.

उपकरणे आणि क्षेत्रकार्य

रिसीव्हर किमान दोन वारंवारतांवर वाहक लहरीची कला (फेज) मोजणारा, भूमापन दर्जाचा असावा. मोबाइलमधील किंवा हातातील जीपीएस येथे निरुपयोगी आहे. अँटेना परावर्तित लहरी अडवणाऱ्या वर्तुळाकार खोबणींची असेल तर उत्तम. तिच्या प्रकाराचे अधिकृत अंशांकन (कॅलिब्रेशन) उपलब्ध आहे ना, हे खरेदीपूर्वी तपासावे. एका स्थानकाला शक्यतो कायम तीच अँटेना लावावी, आणि तिच्यावरील उत्तरदर्शक खूण दरवेळी उत्तरेकडेच ठेवावी. जीपीएस आणि गॅलिलिओ या दोन प्रणालींवर गणनाचा मुख्य भार ठेवावा. ग्लोनास, बायदू आणि आपली नाविक यांची निरीक्षणेही साठवून ठेवावीत.

निरीक्षणे दरवर्षी एकाच हंगामात घ्यावीत. पावसाळ्यात जमिनीवर आणि जमिनीखाली साचलेल्या पाण्याच्या भाराने कवच खाली दबते व उन्हाळ्यात वर येते. हे वार्षिक चक्र उभ्या दिशेत सेंटिमीटरच्या घरात आणि आडव्या दिशेत काही मिलिमीटर असू शकते. एका वर्षी ऑगस्टमध्ये आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात मोजले, तर भ्रंशाऐवजी मान्सूनच मोजला जाईल. आपल्यासाठी १५ डिसेंबर ते १५ जानेवारी हा काळ सर्वांत चांगला आहे. हवेतील बाष्प तेव्हा कमी असते. शिवाय नागपूरचे अक्षांश विषुववृत्तीय आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातील) दाट पट्ट्याच्या जवळ आहेत, आणि मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर तेथे होणाऱ्या खळबळीने उपग्रहांचे संदेश तुटतात. डिसेंबर-जानेवारीत हा त्रास तुलनेने कमी असतो.

प्रत्येक स्थानकावर सलग किमान तीन पूर्ण दिवस निरीक्षण घ्यावे, आणि दिवस मोजताना घड्याळ जागतिक वेळेचे ठेवावे. उपग्रहांच्या फायली जागतिक मध्यरात्री बदलतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. म्हणून उपकरण आदल्या संध्याकाळपर्यंत सुरू करावे आणि चौथ्या सकाळी साडेपाचनंतरच उतरवावे. नोंद दर ३० सेकंदांनी पुरते. अँटेनाची उंची सुरुवातीला व शेवटी, तीन वेगवेगळ्या बाजूंनी, मिलिमीटरपर्यंत मोजावी, कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत मोजली याचे चित्र वहीत काढावे, आणि चारही दिशांनी छायाचित्रे घ्यावीत. दहा वर्षांनी वही उघडणारा विद्यार्थी वेगळाच असणार आहे, हे लक्षात ठेवून अक्षर काढावे. अँटेनाचा नमुना किंवा उंची यांची चुकीची नोंद ही अशा प्रकल्पांतील अतिशय सामान्य आणि नंतर दुरुस्त करायला सर्वांत कठीण चूक आहे.

निधी मिळत असल्यास छेदाच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना एकेक असे तीन कायमस्वरूपी स्थानक उभारावेत. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर अखंड चालणाऱ्या जीएनएसएस स्थानकांचे जाळे उभे केले आहे, आणि त्यातील स्थानकांची निरीक्षणे नोंदणी करून मिळवता येतात. ते जाळे मुख्यतः जमीन मोजणीसाठी आहे, त्यामुळे प्रत्येक स्थानक छतावर आहे की कातळावर, हे पाहूनच त्याचा उपयोग करावा.

गणन

क्षेत्रातून आणलेली मूळ फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी साठवून मगच तिचे रायनेक्स या सामाईक स्वरूपात रूपांतर करावे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि ते स्वतः प्रसारित करत असलेली कक्षा साधारण मीटरभर चुकलेली असते. आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवा दोन-अडीच आठवड्यांनी अंतिम कक्षा प्रसिद्ध करते, जी सुमारे अडीच सेंटिमीटरपर्यंत अचूक असते, तोपर्यंत थांबावे. गॅमिट-ग्लोबके, बर्नीज आणि जिप्सी-एक्स ही या क्षेत्रातील प्रस्थापित सॉफ्टवेअर आहेत. नवख्या गटाने वूहान विद्यापीठाचे खुले प्राइड हे सॉफ्टवेअर घेऊन सुरुवात केली तरी चालेल. दोन वेगळ्या सॉफ्टवेअरनी एकाच दिवसाचे उत्तर काढून ते दोन-तीन मिलिमीटरच्या आत जुळते का, हे पाहणे हा उत्तम सराव आहे.

गणनात काही गोष्टी वगळून चालत नाहीत. सूर्य-चंद्राच्या ओढीने नागपूरची जमीनही दिवसातून दोनदा वर-खाली होते आणि ही भरती काही डेसिमीटरची असते. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला तरी त्याच्या भरती-ओहोटीचा भारही हिशेबात धरावा लागतो. वातावरणामुळे होणारा विलंब डोक्यावरच्या दिशेत सुमारे २.३ ते २.६ मीटर असतो. त्यातील बाष्पाचा भाग सर्वांत चंचल, म्हणून तो दर एक-दोन तासांनी नव्याने अनुमानित करावा. अँटेनाचे अंशांकन आणि उपग्रहांच्या कक्षा एकाच संदर्भ चौकटीतील (स्थाने ज्या जागतिक निर्देशक प्रणालीत मोजतात तिच्यातील), सध्या आयटीआरएफ २०२० मधील, असाव्यात. जुन्या वर्षांची निरीक्षणे नव्या चौकटीत पुन्हा गणावीत. जुन्या उत्तरांना नवी उत्तरे नुसती जोडू नयेत. बेंगळुरू आणि हैदराबाद येथील आंतरराष्ट्रीय जाळ्यातील स्थानके प्रत्येक गणनात घ्यावीत.

भूपट्टाची गती वजा करणे

या टप्प्यावर सर्वाधिक फसगत होते, म्हणून येथे थोडे थांबू. जागतिक चौकटीत पाहिले, तर नागपूर वर्षाला सुमारे ३९.५ मिलिमीटर पूर्वेकडे आणि ३५ मिलिमीटर उत्तरेकडे, म्हणजे एकूण सुमारे ५३ मिलिमीटर ईशान्येकडे सरकते. ही भारतीय भूपट्टाची गती आहे, भ्रंशाची नव्हे. पट्ट सरळ रेषेत न सरकता स्वतःच्या परिवलन-ध्रुवाभोवती (हा भौगोलिक ध्रुव नव्हे) फिरतो, आणि फिरणाऱ्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूचा वेग वेगळा असतो. आयटीआरएफ २०१४ सोबत प्रसिद्ध झालेल्या भारतीय पट्टाच्या परिवलनावरून हिशेब केला, तर भोपाळचा पूर्वेकडील वेग सुमारे ३८.३ मिलिमीटर येतो. दोन्ही शहरे एकाच अखंड, न मोडणाऱ्या पट्टावर आहेत असे धरूनही त्यांच्या वेगांत वर्षाला सुमारे १.२ मिलिमीटरचा फरक पडतो!

कोणी नागपूरच्या वेगातून भोपाळचा वेग नुसता वजा केला, तर उत्तरेकडचा भाग पश्चिमेकडे सरकतो आहे, म्हणजे सोन-नर्मदा पट्ट्यावर डावी आडवी सरकण होते आहे, असे त्याला दिसेल. हा भास अधिकच फसवा आहे, कारण जबलपूरच्या भूकंपातही मुख्य सरकण वर चढणारी आणि तिच्या जोडीला थोडी डावी आडवी अशीच होती. अपेक्षित उत्तर हाती आले की माणूस तपासणे थांबवतो. म्हणून प्रत्येक स्थानकाच्या वेगातून त्या स्थानकाच्या जागी येणारा परिवलनाचा वेग वजा करावा, आणि जे उरेल तेवढेच विचारात घ्यावे. परिवलनाचे आकडे भ्रंशापासून दूर असलेल्या स्थानकांवरून काढलेले असावेत; आपल्याच छेदावरून ते काढले, तर शोधायची हालचाल त्यातच विरून जाते.

वेग आणि त्याची अनिश्चितता

एका फेरीत, म्हणजे सर्व स्थानकांच्या एका वेळच्या निरीक्षणात, आडवे स्थान २ मिलिमीटरपर्यंत अचूक मिळते असे धरू. फक्त दोन फेऱ्या पाच वर्षांच्या अंतराने केल्या, तर वेगाची अनिश्चितता वर्षाला ०.५७ मिलिमीटर येते आणि दहा वर्षांच्या अंतराने ०.२८. दहा वर्षे दरवर्षी, म्हणजे एकूण ११ फेऱ्या केल्या, तर ती ०.१९ पर्यंत उतरते. परंतु हे गणित प्रत्येक चूक स्वतंत्र आहे असे मानते. खांबाची भटकंती आणि वातावरणाचे दीर्घकालीन चढउतार एका वर्षातून दुसऱ्या वर्षात वाहत येतात, त्यामुळे खरी अनिश्चितता यापेक्षा बरीच मोठी असते. कायम स्थानकांच्या कालमालिकेवरून (रोजच्या स्थानांच्या क्रमवार नोंदींवरून) या परस्परसंबंधित चुकांची, म्हणजे रंगीत गोंगाटाची, मात्रा काढावी आणि तीच फेऱ्यांच्या स्थानकांना लावावी. कायम स्थानकाचाही वेग अडीच वर्षांच्या आत जाहीर करू नये, कारण त्याआधी वार्षिक चक्र वेगात मिसळते.

कालमालिकेतील पायऱ्या, म्हणजे स्थानातील अचानक उड्या, डोळ्यांनी शोधाव्यात. अँटेना बदलली की पायरी येते. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपाने द्वीपकल्पातील स्थानकेही काही मिलिमीटर पूर्वेकडे सरकली होती. त्यामुळे त्यापूर्वीची निरीक्षणे कोणाकडे असतील, तर ती नंतरच्यांशी सरळ रेषेने जोडता येत नाहीत.

उरलेले वेग छेदावरील अंतरानुसार आलेखावर मांडावेत, प्रत्येकाला अनिश्चिततेची दांडी लावावी, आणि भ्रंशाला समांतर व लंब असे दोन घटक वेगळे काढावेत. वर सांगितलेले सूत्र फक्त समांतर घटकासाठी आहे. लंब घटकासाठी भ्रंशाचा कल धरणारे प्रतिमान घ्यावे. सर्व स्थानके ०.३ मिलिमीटरच्या आत स्थिर निघाली, तर तसेच लिहावे. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी भूकंप होण्यापूर्वी तेथे ओळखीचा सक्रिय भ्रंश नव्हता, त्यामुळे मंद वेगाची वरची मर्यादा पक्की करणारे मापनही भूकंपाच्या धोक्याच्या नकाशाला थेट उपयोगी पडते.

छेदाच्या परिसरात भूकंप झाल्यास फेरीची डिसेंबरपर्यंत वाट पाहू नये. जबलपूरसारखा खोल भूकंप पुन्हा झाला, तर पृष्ठभागावरील सरक जेमतेम एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची असेल, आणि किल्लारीसारख्या उथळ भूकंपात ती केंद्राजवळ कितीतरी पट मोठी असेल. दोन्ही बाबतींत सर्वांत जवळच्या चार-पाच स्थानकांवर पहिल्या आठवड्यातच त्याच अँटेना घेऊन पोहोचावे, भूकंपानंतरची मंद सरकण पकडण्यासाठी उपकरणे किमान महिनाभर चालू ठेवावीत, आणि ही निरीक्षणे वार्षिक फेऱ्यांत न मिसळता वेगळ्या नावाने साठवावीत.